टपालखर्च वेगळा

चळवळीच्या नियतकालिकांत शेवटच्या पानावर ग्रंथांच्या जाहिराती येत. ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव, किंमत आणि त्याखाली बारीक टाइपात "टपालखर्च वेगळा". गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबणारा आपला माणूस ती जाहिरात वाची, पगाराच्या दिवशी मनीऑर्डर करी. ग्रंथाचे किती आणि पोस्टाचे किती, हे त्याला आधीच ठाऊक असे. ज्याला आगाऊ पैसे पाठवायचे नसत तो व्ही. पी. ने मागवी. पोस्टमन दारात आला की पैसे मोजायचे आणि पुडके ताब्यात घ्यायचे. ही व्ही. पी. ची सोय आपल्या देशात १८७७ सालापासूनची. आज फोनवर जिला कॅश ऑन डिलिव्हरी म्हणतात ती हिचीच नात म्हणायची.

हा विषय आज काढण्याचे कारण आमच्या भाईंदर पूर्वेच्या भगिनी. कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, कुणाचे काम सुटले म्हणून ती घरीच आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्यातल्या बऱ्याच जणी फोनवरून वापरलेले कपडे विकू लागल्या आहेत. सुती साड्या, कुर्ते, मुलांचे स्वेटर, एखादी जरीची साडी. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरच्या आधी पांढऱ्या साडीला मागणी फार. माल कधी स्वतःच्या पेटीतला, कधी कामाच्या घरून विकत घेतलेला, कधी मीरा रोडच्या सोसायट्यांतून गोळा केलेला. तो धुवायचा, रफू करायचा, इस्त्री करायची, दोरीवर टांगून फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचा. गिऱ्हाईक कल्याणचे असते, पुण्याचे असते, थेट बुलढाण्याचेही असते.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. वस्तीत ज्याला आकडेमोड येते त्याच्या दारी सगळेच येते. रेशनकार्डाचा अर्ज, जातीचा दाखला, चाळीच्या पाणीपट्टीची वाटणी. आता कुरियरच्या पावत्याही येऊ लागल्या. "दादा, कपड्याची किंमत आम्हाला कळते हो, पण पाठवायचे किती लावायचे ते कळत नाही," असे एका ताईंनी विचारले, आणि मग कळले की ही अडचण त्यांच्या एकटीची नाही.

कपड्यांची ही जुनी देवघेव आपल्या शहराला नवीन नाही. चाळीच्या दारात बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचे गाठोडे. दोन पँटी, तीन साड्या आणि वर एक शर्ट दिला की स्टीलचे पातेले मिळे, आणि त्या वरच्या शर्टावरून अर्धा तास हुज्जत होई. या व्यवसायातल्या बऱ्याच स्त्रिया गुजरातेतून आलेल्या देवीपूजक समाजाच्या. दारोदार गोळा झालेला माल कामाठीपुऱ्याकडे दोन टाकीच्या बाजारात जाई. तो बाजार पहाटेचा. आणि त्या पाटीतली स्टीलची भांडी कुठली? भांड्यांचे कारखाने आमच्याच भाईंदरला, तेव्हा त्यातली काही आमच्याकडचीही असणार. सांगायचा मुद्दा हा की बोहारणीच्या व्यवहारात वाहतूक खर्च कुणी विचारला नाही, कारण तो तिच्या मानेवर होता. ती चालली म्हणून माल पोचला. त्या चालण्याचा भाव पातेल्यात धरलेला होता की नव्हता, हे तिलाच माहीत. आमचा अंदाज, नव्हता.

या धंद्याबद्दल वस्तीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने आमच्याकडे नापसंती बोलून दाखवली. त्यांचे म्हणणे, "लोकांनी उतरवलेले कपडे अंगावर घालायचे दिवस आपण मागे टाकले, आता आपल्याच लेकी तेच विकायला बसल्या?" त्यांचा राग आम्हाला समजतो. मेलेल्याची वस्त्रे हीच अमुकांची वस्त्रे असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलेले होते, आणि गावोगावी मढ्यावरचे कापड आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला येत होते. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला, जातीची खूण ठरलेले दागिने टाकून द्यायला आणि स्वच्छ राहायला सांगितले. त्यानंतर कित्येक बायांनी तिथल्या तिथे नेसणे बदलले. कपडा ही आपल्याकडे साधी गोष्ट कधीच नव्हती.

पण आम्ही त्या वडीलधाऱ्यांना एवढेच म्हटले, की दादा, सक्तीने अंगावर टाकलेले कापड वेगळे आणि धुऊन, इस्त्री करून, किंमत सांगून, पावती ठेवून विकलेले कापड वेगळे. इथे विकणारी भाव ठरवते आणि घेणाराही हौसेने घेतो. मीरा रोडच्या कॉलेजातली खात्यापित्या घरची मुले याला थ्रिफ्ट म्हणतात आणि अभिमानाने घालतात. मात्र एक अट आहे. भाव तिने ठरवला पाहिजे. आणि गोची नेमकी तिथेच आहे. साडीचा भाव ती ठरवते, पण साडी पोचवण्याचा भाव दुसरेच कुणी ठरवते, आणि बहुतेक वेळा तो तिला माल गेल्यावर कळतो.

तो कसा ठरतो ते आता सविस्तर सांगतो, कारण घोळ सगळा इथे आहे.

कुरियरवाला ग्रॅमवर पैसे घेत नाही, टप्प्यावर घेतो. बहुतेकांचा पहिला टप्पा अर्ध्या किलोचा. ४९० ग्रॅम असो की ९० ग्रॅम, दर तोच. ५०१ ग्रॅम झाले की दुसरा टप्पा सुरू. त्यावर १८ टक्के जीएसटी. समजा, राज्याच्या आत पहिल्या अर्ध्या किलोला ६० रुपये आणि पुढच्या अर्ध्या किलोला ५० रुपये दर आहे. कर धरून पहिल्या टप्प्याचे ७० रुपये ८० पैसे होतात, दुसऱ्या टप्प्यात गेले की १२९ रुपये ८० पैसे.

आता एक सुती साडी घ्या. वजन ४१० ग्रॅम. ताईंनी ती १०० रुपयांना घेतली, आणि "डिलिव्हरी फ्री" असे लिहून २५० ला विकली. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून पुठ्ठ्याच्या छानशा खोक्यात घातली. खोका १५ रुपयांचा, वजन ११० ग्रॅम. एकूण झाले ५२० ग्रॅम. अडीचशेतून कुरियरचे १२९ रुपये ८० पैसे गेले, साडीचे शंभर गेले, खोक्याचे पंधरा गेले. उरले ५ रुपये २० पैसे. या पाच रुपयांत साबण, इस्त्री, रफूचा दोरा, फोनचा रिचार्ज, आणि नवघर रोडवरून कुरियरच्या दुकानापर्यंतची पायपीट. हीच साडी चार रुपयांच्या प्लॅस्टिकच्या कुरियर पिशवीत घातली असती तर पिशवीसह सव्वाचारशे ग्रॅमच्या आत बसली असती आणि ताईंच्या हातात ७५ रुपये २० पैसे उरले असते. वरच्या वीस ग्रॅमसाठी कुरियरने ५९ रुपये जास्त घेतले. सोन्याचा भाव नसला तरी किलोला तीन हजारांच्या जवळ जाणारा भाव आहे हा!

खोक्याचा दुसरा तोटा आणखी मोठा. कुरियर कंपन्या नुसते वजन पाहत नाहीत, आकारही पाहतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्ही आकडे गुणायचे आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचे. येईल ते आकारी वजन, किलोमध्ये. खरे वजन आणि आकारी वजन यांत जे जास्त त्याचे पैसे. ३० लांब, २५ रुंद आणि १० उंच अशा खोक्याचे आकारी वजन दीड किलो होते, मग आत अर्ध्या किलोची साडी का असेना. तोच कपडा दाबून, घडी करून ३ सेंटिमीटर जाडीत बसवला तर ४५० ग्रॅम होतात. म्हणून स्वेटर विकणाऱ्या ताईंना आम्ही सांगतो की स्वेटर वजनाला हलका, पण हवा भरलेला. त्याच्यातली हवा काढा, नाहीतर हवेचे भाडे भरावे लागेल.

फोनवरच्या ज्या ॲपमधून पार्सल नोंदवतात तिथे आगाऊ पैसे भरून ठेवावे लागतात. आपण वजन ४५० लिहिले आणि त्यांच्या गोदामात ते ६०० भरले, तर फरक परस्पर कापला जातो. आमच्या वस्तीतल्या एका भगिनीचे असे पैसे कापले गेले तेव्हा तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. तक्रार करायची तर पुरावा लागतो. बांधलेले पार्सल काट्यावर ठेवून, काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो, आणि टेप लावून तिन्ही मापांचा फोटो. दोन मिनिटांचे काम आहे.

वजनानंतर पिनकोड. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, डाकतार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणारा माणूस कवी असावा याचे आम्हाला कौतुक वाटते. असो. दहिसर ४००० ने सुरू होते आणि आमचे भाईंदर ४०११ ने. मधे एक खाडी नाही की डोंगर नाही, पण काही कुरियरवाले या सीमेवर शहरांतर्गत दर सोडून पुढचा दर लावतात, काही लावत नाहीत. म्हणून बोरिवलीला पाठवायचे असले तरी पिनकोड टाकून दर पाहावा, मनाने धरू नये. साधारण पट्टे असे असतात: शहरात, राज्यात किंवा शेजारी, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि सर्वांत महाग ईशान्येकडची राज्ये व काश्मीर. खेड्यापाड्यांत खाजगी कुरियर पुष्कळदा जातच नाही. तिथे पोस्टच. देशात दीड लाखांहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य खेड्यांत आहेत. बुलढाण्याच्या आतल्या गावी साडी न्यायला त्यांच्याइतके भरवशाचे दुसरे कुणी आम्हाला तरी दिसत नाही.

राज्याबाहेर पाठवण्याच्या बाबतीत एक सावधगिरी. नियमित धंदा म्हणून परराज्यात माल विकायचा, तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्याच्या आत, स्वतःच्या फोनवरून थेट विकणाऱ्या लहान विक्रेत्याला चाळीस लाखांपर्यंत ती लागत नाही. घरातली एखादी स्वतःची साडी विकणे हा धंदा नव्हे, त्याची भीती बाळगू नये. पण रोज विकणाऱ्या ताईंना आमचा सल्ला, आधी महाराष्ट्र पुरे. पट्टेही दोनच सांभाळावे लागतात.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. गिऱ्हाइकाला ती हवीहवीशी वाटते, आणि त्याचेही चूक नाही, कारण फसवणारे पुष्कळ आहेत. पण कुरियर तिचा वेगळा आकार घेतो आणि पैसे काही दिवसांनी हाती देतो. आणि गिऱ्हाइकाने दारात नको म्हटले तर? जाण्याचे भाडे विकणारीचे आणि परत येण्याचेही विकणारीचेच. सत्तर जाऊन सत्तर येऊन, दोनशेच्या साडीवर एकशेचाळीस गेले, आणि साडी पुन्हा पेटीत. खारीगावच्या एका वहिनींची पांढरी साडी पावसाळ्यात अशीच परत आली, तीही ओली, डाग पडलेली. वहिनी रडल्या नाहीत, पण त्यांनी पंधरा दिवस फोनवर एकही फोटो टाकला नाही. दुकानदाराला असा तोटा शंभर विक्रींत पचतो. वहिनींच्या महिन्याला सहा विक्री.

म्हणून "डिलिव्हरी फ्री" या शब्दांवर आमचा राग आहे. कुरियर फुकट जात नाही. कुणीतरी भरतेच. मोठी कंपनी भरते तेव्हा ती किमतीत आधीच घालते. कामकरी बाई भरते तेव्हा ती आपल्या मजुरीतून भरते आणि तिला वाटते आपण धंदा करतो आहोत. दुसरी तऱ्हा सरसकट दराची: महाराष्ट्रात कुठेही ८० रुपये. सोपे आहे, आणि चार प्रकारचे कपडे विकणारीला सोयीचेही. पण त्यात मुलाचा झबला घेणारी आई जीन्स घेणाऱ्याचे भाडे भरते. जीन्स साधारण सहा-सातशे ग्रॅमची, झबला शंभराचाही नाही. तिसरी तऱ्हा, जेवढे लागेल तेवढे. वजन मोजायचे, पिनकोड विचारायचा, दर पाहायचा, पिशवीचे चार रुपये त्यात मिळवायचे आणि तो आकडा किमतीपासून वेगळा सांगायचा. आमचा कौल याच तऱ्हेला. गिऱ्हाईक कुरकुरते खरे. दोनशेच्या साडीला सत्तर टपाल म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. पण मग ते विचारते, "ताई, दोन घेतल्या तर?" आणि दोन पातळ साड्या दुसऱ्या टप्प्यात एकत्र गेल्या की टपाल प्रत्येकी पाच-सहा रुपयांनी उतरते, चार कुर्ते किलोभरात गेले की बरेच उतरते. हा हिशेब गिऱ्हाइकाला दिसला तरच ते एकाऐवजी दोन घेते.

उलटी लबाडीही असते, तीही सांगितली पाहिजे. काही विक्रेते कपडा ९९ रुपयांना दाखवतात आणि टपाल १५० लावतात, खरे लागते सत्तर. ई-बे या अमेरिकेच्या बाजारात ही युक्ती फार चाले, कारण कंपनी आपला हिस्सा फक्त वस्तूच्या किमतीवर घेई. वस्तू एक डॉलरला आणि पाठवणावळ वीस डॉलर! २०११ साली कंपनीने अमेरिकेत टपालखर्चावरही हिस्सा घेणे सुरू केले. मग जे बिचारे खरेच लागेल तेवढेच टपाल घेत होते त्यांनाही त्या टपालावर हिस्सा द्यावा लागला. लबाडांच्या पायी सरळ माणसाला दंड, हे तिकडेही तसेच.

आपल्याकडे कायदा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे नियमित विक्री करणाऱ्याने एकूण किंमत आणि त्यात टपाल, हाताळणी, कर किती हे फोडून दाखवायचे असते. शेवटच्या पायरीवर हळूच रक्कम वाढवण्याच्या प्रकाराला नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या पद्धतींत धरले आहे. तक्रारीला १९१५ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येते. घेणाऱ्या बंधू-भगिनींनी तो लिहून ठेवावा, आणि विकणाऱ्यांनी तो आपल्याविरुद्ध फिरवण्याची पाळी आणू नये.

काही ताई कुरियर टाळून स्टेशनवर हातोहात देतात. गिऱ्हाईक विरार लोकलने यायचे, ताई भाईंदरच्या पुलावर उभ्या. टपाल शून्य. आम्ही विचारले, किती वेळ उभ्या होता? एकदा चाळीस मिनिटे, एकदा गिऱ्हाईक आलेच नाही. त्या वेळाचे काहीच लावत नाही? "उभे राहायचे कसले पैसे, दादा?" असे त्या हसून म्हणाल्या. कारखान्यात चाळीस मिनिटे उशीर झाला तर मुकादम पैसे कापतो, ते मात्र बरोबर वाटते. आम्ही त्यांना स्टेशनवर देण्याचे वीस रुपये लावायला सांगितले. त्या लावत नाहीत. लाज वाटते म्हणतात. या लाजेवर आमच्याकडे अजून उपाय सापडलेला नाही, कारण ती आकडेमोडीने जात नाही.

महिला मंडळाने वर्गणी काढून एक डिजिटल काटा आणि शिवणकामाची टेप घेतली आहे. दोन्ही विहाराच्या कपाटात असतात. रविवारी वंदना झाल्यावर तासभर वजने होतात. येताना कपडा पिशवीत बांधून, पण चिकटपट्टी न लावता आणावा, आणि घेणाऱ्याचा पिनकोड कागदावर लिहून आणावा, तोंडी सांगू नये. गेल्या रविवारी दोन आकडे उलटसुलट ऐकले गेले आणि नांदेडची साडी भलत्याच गावच्या दराने निघाली होती. चिकटपट्टी लावलेली नव्हती म्हणून निभावले.